न दिलेली ओळख

ॲपने माझं खातं बंद केलं तेव्हा मी लॅबच्या मागच्या खोलीत डबा खात होते. गुरुवार होता, दुपारचे दोन वाजले असतील. सकाळचे नमुने मशीनला लावून झाले होते, रिपोर्ट न्यायला येणाऱ्यांची गर्दी पाचनंतर सुरू व्हायची. मधला अर्धा तास माझा असायचा. त्या अर्ध्या तासात मी ॲपवर ओळख झालेल्या एका मास्तरांचे आदल्या संध्याकाळचे मेसेज वाचत असे.

त्या दिवशी मेसेजऐवजी एक गोल चौकट आली. चेहऱ्याची पडताळणी करायची आहे, फोन समोर धरा. मी हात पुसून फोन धरला. मान डावीकडे, मान उजवीकडे. फोटोशी जुळत नाही, असं आलं. खिडकीपाशी उजेडात जाऊन परत केलं. जुळत नाही. तिसऱ्यांदा केलं आणि पडद्यावर चार ओळी उमटल्या. नियमांचं उल्लंघन केल्यामुळे तुमचं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे.

मशीनचं काही चुकलं नव्हतं. फोटो माझाच होता, पण आठ वर्षांपूर्वीचा. मावसबहिणीच्या लग्नातला, पिवळ्या साडीतला. त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर पहिला पांढरा डाग दिसला. मग दुसरा हात, मग ओठांच्या कडा, मग दोन्ही डोळ्यांभोवती. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मलम दिलं, गोळ्या दिल्या. आमच्याकडे त्याला कोड म्हणतात. कोड लागत नाही, त्याने कुणी मरत नाही, हे मी लॅबमध्ये काम करणारी बाई इतरांपेक्षा जास्त जाणते. तरी सुई घेऊन पुढे झाले की एखादा माणूस हात मागे घ्यायचा आणि माझ्याकडे न बघता म्हणायचा, “दूसरी मैडम को बुला दो.” साथीच्या वर्षांत सगळ्यांच्या तोंडावर मास्क होता, हातात मोजे होते. लोक आजारी होते, घाबरलेले होते आणि मी मात्र त्या दिवसांत मोकळी हिंडले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं नाहीच ते.

मी गोंदियाजवळ मुर्रीला दादा-वहिनीजवळ राहते. आई-बाबा गेल्यावर घर त्यांचं झालं, पण मला कधी परकं वाटू दिलं नाही त्यांनी. सुरुवातीला स्थळं यायची. पाहुणे पोहे खायचे, माझ्या हातांकडे बघायचे आणि मग कळवतो म्हणायचे. पुढे दादाने स्थळं बघणं थांबवलं. त्याने तसं बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. पस्तिसाव्या वर्षी मी ते जोडीदार शोधायचं ॲप घेतलं, कुणाला न सांगता. फोटो निवडताना त्या पिवळ्या साडीवर बोट ठेवलं, तेव्हा मनात एवढंच होतं की एकदा तरी कुणी माझ्याशी आधी बोलावं आणि मग बघावं.

ते चिचगडकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षक होते. वय एकोणचाळीस. बायको लग्नानंतर दोन वर्षांत सोडून गेली होती. तिला त्या जंगलातल्या गावात राहवेना आणि यांना मुलांना सोडून येववेना. हे त्यांनी ओळख झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात लिहिलं. “आधीच सांगितलेलं बरं जी,” असं लिहिलं होतं. मी तेव्हा माझं सांगायला हवं होतं. मी लिहिलं, “मोकळेपणाने सांगितलंत, बरं वाटलं.”

त्यांच्या शाळेत रेंज नसायची. संध्याकाळी मुलांची हजेरी झाली की ते मागच्या तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर, जायचे आणि दिवसभराचं एकदम लिहायचे. पाचवीतली एक मुलगी वांग्याची भाजी दिसली की दप्तरात तोंड खुपसून बसते. मुलं घरी गोंडी बोलतात, त्यांच्याकडून ते रोज एक शब्द शिकतात, तो मलाही लिहून पाठवायचे. स्वयंपाकघरातला पत्रा उडाला. एक पोरगा सुट्टीहून परत आलाच नाही, म्हणून ते सायकलने त्याच्या घरी गेले आणि तिथेच जेवून आले. मी लॅबमधलं लिहायचे. जून ते दिवाळी असे आम्ही बोललो. आयुष्यात कुणी माझ्या दिवसाची इतकी चौकशी केलेली नव्हती.

“नंबर देता का जी?” असं त्यांनी एकदा विचारलं.

नंबर दिला की व्हिडिओ कॉल येणार, हे मला कळत होतं. “अजून नको,” मी लिहिलं.

“बरं. घाई नाही.”

दिवाळीनंतर त्यांनी भेटायचं विचारलं. त्यांची मोठी बहीण नवेगाव बांधजवळ राहते, तिच्याकडे ते येणार होते. रविवारी अकराला, बांधावर, बगिच्याच्या पायऱ्यांपाशी. मी हो म्हटलं. शनिवारी सगळं लिहायचं, असं ठरवलं होतं. फोटो जुना आहे, मला कोड आहे, आता तुम्ही ठरवा. मनात वाक्यं तयार होती. आणि गुरुवारी खातं बंद झालं.

लॅबमधून घरी येईपर्यंत मी दोनदा विनंतीचा फॉर्म भरला. उत्तर मिनिटाच्या आत आलं. तुमच्या विनंतीचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला आहे, निर्णय बदलता येणार नाही. शुक्रवारी पुन्हा तेच. शनिवारी दादाच्या जुन्या सिमवर नवीन खातं उघडलं. त्यात ते कुठेच सापडेनात, भलतेच चेहरे येत राहिले आणि संध्याकाळी तेही खातं बंद झालं. त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. शाळेचं नाव त्यांनी कधी लिहिलं नव्हतं आणि त्या बाजूला आश्रमशाळा एकच नाही.

रविवारी वहिनीला रक्तगट तपासणीचं शिबिर आहे असं सांगून निघाले. कोहमाऱ्याला गाडी बदलली. दोन्ही बाजूंनी धान कापणीला आला होता, काही बांध्यांत कापून पसरलेला होता. स्कूटीवरच्या पोरी उन्हासाठी बांधतात तसा मी स्टोल बांधला होता, फक्त डोळे उघडे. डोळ्यांवर काळा चष्मा. हातात मोजे. आमच्या भागात अशा बाईकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

मी साडेदहालाच पोचले आणि पायऱ्यांपासून थोड्या अंतरावर एका बाकावर बसले. समोर तलावाचं पाणी पसरलेलं, दूर दोन डोंगे जाळ्यांशी स्थिर उभे. अकराला पाच कमी असताना ते आले. फोटोतल्यापेक्षा बारीक होते. इस्त्री केलेला चौकड्यांचा शर्ट, हातात कापडी पिशवी, तिच्यात डब्याचा आकार दिसत होता. ते वरच्या पायरीवर बसले, पिशवी बाजूला ठेवली, फोन काढून बघितला, परत खिशात ठेवला.

मी उठायचं ठरवून आले होते. उठून जायचं, स्टोल सोडायचा आणि म्हणायचं, मी ती. बसमध्ये तीन तास मी तेच घोकलं होतं. पण ते प्रत्येक येणाऱ्या बाईकडे ज्या तऱ्हेने बघत होते ते मला बघवेना. ते त्या पिवळ्या साडीतल्या मुलीला शोधत होते. एक रंगाने उजळ, मोकळ्या केसांची बाई पायऱ्यांकडे आली तर ते चटकन उभे राहिले. ती पुढे निघून गेली आणि ते बसले.

बारा वाजून गेल्यावर ते उठले आणि सरळ माझ्याकडे आले.

“ताई,” ते म्हणाले, “तुमी बऱ्याच वेळच्या बसून आहा. इथं एक मॅडम येऊन गेल्या काय जी? गोंदियाच्या?”

इतक्या महिन्यांत आम्ही एकमेकांचा आवाज ऐकला नव्हता. त्यांचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा हळू होता. मी मान हलवली. नाही.

“बरं,” ते म्हणाले. पुन्हा जाऊन बसले. एकपर्यंत बसले. मग पिशवी उचलून गेले. डबा त्यांनी उघडला नाही.

मी दोनच्या गाडीने परत आले. वहिनीने शिबिर कसं झालं विचारलं, मी गर्दी होती म्हटलं.

पुढचे महिने मी खातं परत मिळवण्याच्या मागे लागले. मला काय हवं होतं ते मलाच धड कळत नव्हतं. त्यांना सांगायचं होतं, की मी खोटी नाही. पण बाकावर बसलेल्या बाईने मान हलवली होती, तेव्हा ॲप कुठे आडवं आलं होतं? बंदी उठली की सगळं पूर्ववत होईल, असं मी स्वतःला सांगत राहिले, कारण तेवढंच माझ्या हातात होतं. दर दोन-तीन दिवसांनी फॉर्म भरायचा. कधी मराठीत, कधी इंग्रजीत, कधी विनवणी, कधी राग. उत्तर तेच, त्याच शब्दांत. आधार कार्ड पाठवलं, पण त्यावरचा फोटोही जुनाच, डागांच्या आधीचा. ओळखपत्रावरची बाई आणि ॲपवरची बाई एकमेकींशी जुळत होत्या. न जुळणारी मी एकटीच होते.

जेवण जाईना. कामात चुका व्हायला लागल्या. दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्या उलटसुलट लावल्या, वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं. माघातल्या एका सकाळी मी मिठाचा पुडा साखरेच्या डब्यात ओतला आणि तिथेच चुलीपाशी बसून रडले. वहिनी आंगण सारवून आत आली.

“काऊन रडून राहिली वो?”

“काही नाही.”

“काही नाही त मंग साखरेत मीठ कायले ओतलं?”

माझी वहिनी माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. तिखट बोलते, मनात ठेवत नाही. मी तिला सगळं सांगितलं. ॲप, फोटो, मास्तर, तलाव, बाक. ती शेणाचे हात तसेच धरून उभ्याउभ्या ऐकत होती.

“त्यानं येऊन विचारलं अना तू मान हलवली?”

“हो.”

“यात मोबाईलवाल्याची काय चुकी?”

ती बाहेर गेली, हात धुऊन आली आणि माझ्यासमोर पाटावर बसली.

“त्या मोबाईलवाल्यायले तू आतापर्यंत काय लिहून राहिली?”

“की फोटो माझाच आहे.”

“आठ वरसापयलेचा आहे, असं लिहिलं काय?”

ते मी लिहिलं नव्हतं. चाळीस वेळा फॉर्म भरून एकदाही लिहिलं नव्हतं.

“लिहून दे खरं. जसं आहे तसं. अना आताचा फोटो धाड.”

तिने मला आंगणात नेलं, भिंतीला टेकून उभं केलं. केस मागे घे म्हणाली. तिने फोन धरला आणि बराच वेळ दाबलाच नाही. आठ वर्षांत माझा कुणी फोटो काढला नव्हता. घरच्या कार्यात मी स्वतःच फोन हातात घ्यायचे, म्हणजे फोटोत यावं लागत नसे.

“ओठापाशी हे आता वाढलं काय?” तिने विचारलं.

“दोन वर्षं झाली.”

“मले दिसलंच नाई वो,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. “रोज सामने राहते, तरी दिसलंच नाई.”

मी त्या दिवशी मराठीत लिहिलं. फोटो जुना आहे. मला कोड झालं आहे. लोक आधी डाग बघतात म्हणून मी जुना फोटो लावला. ही माझी चूक आहे. सोबत आजचा फोटो आणि डॉक्टरांचा कागद जोडत आहे. या वेळी मिनिटात उत्तर आलं नाही. तीन आठवडे काहीच आलं नाही. मग एका दुपारी, रिकाम्या नळ्या मोजत असताना, फोन वाजला. तुमचं खातं पुन्हा सुरू करण्यात आलं आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया अलीकडचा फोटो वापरा.

मी आंगणातला फोटो लावला आणि त्यांचा संवाद उघडला.

शेवटच्या माझ्या ओळीखाली ॲपने त्यांच्यासाठी टाकलेली सूचना होती. ही व्यक्ती बनावट असण्याची शक्यता आहे, सावध राहा. तारीख त्याच गुरुवारची. तिच्याखाली त्यांचे चार मेसेज.

पहिला त्याच संध्याकाळचा होता. “असं काही आलं आहे. मी यावर विश्वास ठेवत नाही जी. रविवारी येतो.”

दुसरा रविवारचा, दुपारी चारचा. “आलो होतो. दोन तास थांबलो. तिथे बसलेल्या एका ताईलाही विचारलं. ताईने अंडाकरीचा डबा दिला होता, तो तसाच परत नेला. तिला काय सांगू?” डबा त्यांच्या बहिणीने दिला होता हे मला दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं.

तिसरा पंधरा दिवसांनंतरचा. “तुम्ही कुणीही असा, पण सुट्टीहून परत न आलेल्या त्या पोराबद्दल विचारत होता, ते खरं वाटलं होतं. तो परत आला आहे.”

चौथ्यात एवढंच होतं, “ठीक आहे.”

त्यांना कळलं होतं की मी खोटी असू शकते आणि तरी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी ते चार मेसेज मागच्या खोलीत उभी राहून वाचले. नंतर संध्याकाळी सहापर्यंत रिपोर्ट दिले, कुणाला काय दिलं आठवत नाही.

घरी येऊन त्यांना लिहिलं. लांबलचक लिहिलं. कोड, जुना फोटो, भीती, बंदी, विनंत्या, सगळं. फक्त बाकावरची बाई लिहिली नाही. रविवारी येऊ शकले नाही, असं लिहिलं. खरं लिहायला बसलेली मी तिथे पुन्हा अडले. वहिनीला वाचून दाखवतानाही ती ओळ घाईने वाचली.

नऊ दिवसांनी उत्तर आलं.

“तुम्ही खऱ्या आहात हे कळून फार बरं वाटलं. इतके महिने मी स्वतःला मूर्ख समजत होतो. माझं लग्न ठरलं आहे, ताईच्या सासरच्या नात्यातली मुलगी आहे, गावात राहायला तयार आहे. चैतात लग्न. डागांचं आधी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, ते आता सांगता येणार नाही. काही फरक पडला नसता असं लिहिणं सोपं आहे, पण मला खोटं लिहायचं नाही. एकच विचारतो. फोटोत तुमचे हात दिसत नाहीत. त्या दिवशी ज्या ताई बसल्या होत्या त्यांनी उन्हात मोजे घातले होते. त्या तुम्हीच होत्या का? हे मनातून जात नाही. कळवा, मग मी हे ॲप काढून टाकतो.”

उत्तर एका अक्षराचं होतं. मी ते लिहिलं, पुसलं. हो म्हणण्याआधी कारण सांगावं असं वाटलं, मग कारण लिहिलं, ते कुणाला पटणार नाही असं वाटलं, तेही पुसलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी सकाळी नुसतं “हो” लिहून पाठवलं. ते गेलं नाही. त्यांच्या नावाच्या जागी राखाडी वर्तुळ होतं आणि खाली लिहिलं होतं, हे खातं आता उपलब्ध नाही.

वहिनी भाजी निवडत होती. मी फोन तिच्यासमोर धरला. तिने हळूहळू वाचलं.

“चिचगडले किती शाळा असतील?” ती म्हणाली. “विचारत गेलं त सापडन न तो मास्तर.”

“आणि काय सांगू? लग्न लागायच्या आधी?”

तिने फोन परत दिला. थोड्या वेळाने तिने अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली आणि आम्ही दोघींनी ती निवडली.

चैत होऊन गेला. त्यांच्या घरात आता कुणीतरी आहे, आणि ते बरं आहे, असं मी म्हणते. पण ते वाक्य तोंडातून निघतं तेवढंच, आत उतरत नाही. मी एकदाही चिचगडच्या वाटेला गेले नाही. त्याच वाटेवरच्या देवरीला शिबिराची पाळी आली तेव्हा दुसऱ्या मुलीशी बदलून घेतली.

माझं खातं सुरू आहे. आंगणातला फोटो तसाच आहे, एक हातांचाही टाकला. दिवसेंदिवस कुणी येत नाही. मधूनच रायपूरचा किंवा बालाघाटचा एखादा लिहितो, “चेहरे पर ये क्या है?” मी लगेच सांगते. त्यानंतर बहुतेक जण लिहीत नाहीत. दुपारच्या त्या अर्ध्या तासात मी डबा खाते, आणि फोन उलटा करून ठेवते.